गांवची धान्यकोठी व तिची यादी

पूर, अवर्षण किंवा साथ आली म्हणजे सरकारी मदत येते, हें खरें. परंतु ती पोंचेपर्यंतचे पहिले आठ-पंधरा दिवस गांवास आपल्याच बळावर काढावे लागतात. त्याकरितां सोसायटीनें आपल्या गोदामांत धान्याचा राखीव सांठा करावा, ही सूचना नवी नव्हे, व तिचा हिशेबही अवघड नाहीं. माणशीं दररोज 400 ग्रॅम धरल्यास 200 गरजू माणसांस 15 दिवस 12 क्विंटल धान्य पुरतें. सुगीवर चाळीस सभासदांनीं प्रत्येकीं 30 किलो घातलें कीं तेवढें जमतें.

मात्र सांठा कोठें व कशाचा, याचा विचार आधीं व्हावा. सांगलीजवळ हरिपूर येथें हळद सांठविण्याचीं जमिनींतील पेवें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं; 2005 च्या महापुरांत त्यांत पाणी शिरून मालाची नासाडी झाली. नदीकांठीं कोठी उंचवट्यावरच हवी. शिवाय पुरांत वीज जाते, पिठाची गिरणी थांबते, व ज्वारी-गहूं असून नसून सारखे होतात. यास्तव जमलेल्या ज्वारीपैकीं निम्मी विकून तांदूळ व तूरडाळ घ्यावी; जवळच मोठीं पातेलीं व कोरडें जळण ठेवावें. नवें धान्य येण्यापूर्वीं जुनें गरजूंस उसनें द्यावें. तें परत घेतांना सवाई-दिढीचा लोभ नको. घट भरून निघेल इतकेंच वर घ्यावें.

आतां मुख्य गोष्ट. ऑगस्ट 2019 मध्यें कृष्णेस महापूर आला, त्या वेळीं मी महसूल खात्यांत कारकून होतों. एका गांवची वांटपाची यादी मजकडे होती. मीं ती शिधापत्रिकांवरून उतरून काढली. काम एका रात्रींत उरकलें, याचा मला थोडा अभिमानही वाटला. दुसऱ्या दिवशीं रांगेंत एक विधवा बाई दोन मुलांसह उभी होती. ती भावाकडे राहत असे. नांव मात्र सासरच्या पत्रिकेवरच राहिलेलें, व सासर परगांवीं. "भाऊसाहेब, माझं नांव नाहीं का?" एवढेंच तिनें विचारलें. मीं यादी पुन्हां वरपासून खालपर्यंत पाहिली. जणूं कांहीं तें नांव आपोआप उमटणार होतें! बाई रिकाम्या हातीं परत गेली. संध्याकाळीं तिच्या मुलांस जेवूं घातलें तें शेजाऱ्यांनीं, मीं नव्हे.

तेव्हांपासून माझें मत असें झालें आहे कीं, यादी पत्रिकेवरून न करितां चुलीवरून करावी. पावसाळ्यापूर्वीं दोघां-तिघांनीं घरोघर फिरून कोणत्या चुलीवर किती माणसें जेवतात तें लिहावें. सालगडी, भाडेकरू, परप्रांतीय मजूर, टाकलेल्या स्त्रिया, एकटीं वृद्ध माणसें यांस विसरूं नये. हीं माणसें स्वतः होऊन नांव सांगावयास येत नाहींत. मग ती यादी चावडीवर मोठ्यानें वाचावी, म्हणजे राहिलेलें नांव कोणी ना कोणी सांगतोच. कोठीस दोन कुलपें असावीं; एक किल्ली सचिवाकडे, दुसरी स्त्रियांच्या बचत गटाकडे. कोणाच्या घरीं खरोखर चूल पेटली नाहीं, हें स्त्रियांस आपणांपेक्षां लवकर कळतें. आणीबाणींत मापून दिलेलें धान्य त्याच दिवशीं वहींत चढवावें. उद्यांवर टाकलेली नोंद पुढें वादास कारण होते, हा तीस वर्षांच्या कारकुनीचा अनुभव आहे.

निवृत्तीनंतर मीं आमच्या गांवीं ही यादी सुरू केली. यंदा ज्येष्ठांत ती वाचली तेव्हां नऊ चुली वाढल्या. त्यांपैकीं चार आमच्याच सभासदांच्या सालगड्यांच्या निघाल्या.