अनंत पदांची बेरीज

आवर्त दशांश अपूर्णांक शिकविताना वर्गात एक अडचण हमखास उद्भवते. १ ला ३ ने भागले असता ०.३३३… असा न संपणारा भागाकार येतो. ‘जे कधी संपतच नाही, त्याची किंमत ठरावीक कशी?’ असे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारतो. ‘नियम पाठ कर’ एवढेच उत्तर त्यास मिळाले, तर त्याची जिज्ञासा तेथेच मावळते. सबब या प्रश्नाचे मर्म शिक्षकाने प्रथम स्वतः समजून घेणे अगत्याचे आहे.

कृती : एका चौरस कागदाचे चार समान भाग करावेत. तीन भाग तीन मुलांस एकेक द्यावेत. उरलेल्या चौथ्या भागाचे पुन्हा चार भाग करून तसेच वाटावे. चार वेळा वाटणी झाल्यावर प्रत्येकाजवळ १/४ + १/१६ + १/६४ + १/२५६, म्हणजे ८५/२५६ इतका कागद जमतो व १/२५६ उरतो.

निष्कर्ष : वाटणी जो जो पुढे चालवावी, तो तो शिल्लक भाग हवा तितका लहान होत जातो. तिघांचे वाटे नेहमी समान असतात. म्हणून ही बेरीज १/३ च्या हवी तितकी जवळ जाते. १/३ हीच त्या अनंत श्रेढीची बेरीज होय. आर्यभटीयावरील भाष्यात केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी याच श्रेढीचे विवेचन केले आहे.

सूत्र : पहिले पद ‘अ’, गुणोत्तर ‘ग’ व बेरीज ‘ब’ मानू.
ब = अ + अग + अग² + …
गब = अग + अग² + अग³ + …
वजाबाकी केली असता ब − गब = अ; म्हणून ब = अ/(१ − ग).

मर्यादा : ‘ग’ हा −१ व १ यांच्या दरम्यान असला पाहिजे. १ + २ + ४ + ८ + … या श्रेढीस सूत्र लावल्यास उत्तर −१ येते. धन संख्यांची बेरीज ऋण कशी येईल? येथे बेरीज अस्तित्वातच नसल्याने वजाबाकीही निरर्थक ठरते. हे उदाहरण मुद्दाम फळ्यावर सोडवावे.

उपयोग : ०.३३३… मध्ये पहिले पद ३/१० व गुणोत्तर १/१० आहे; बेरीज ३/१० ÷ ९/१० = १/३. याच रीतीने ०.९९९… ची किंमत बरोबर १ येते. ती ‘सुमारे १’ असे सांगू नये. प्राथमिक वर्गात सूत्र न देता कागदाची कृतीच करून घ्यावी.