शेपटीला खरी आग नको

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर

चि. राणी,


काल रात्री ताईचा फोन आला, तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. म्हणाली, तुमच्या शाळेच्या गॅदरिंगला लंकादहन आहे, मारुतीची शेपटी तूच शिवलीस आणि शेवटी टोकाला रॉकेलचा बोळा बांधून ती खरीच पेटवायची ठरलंय. तिला त्याचं कौतुक! फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून हे लिहून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय. खोटं असेल तर आजच कळव. खरं असेल तर हेच पत्र तुमच्या सरांपुढे ठेव.

शेपटी कशाची आहे ते मला माहीत आहे. दिवाळीत गुलमंडीवर तपकिरी फरचं कापड घेतलंस, तेव्हा मी सोबतच होते. दिसायला लोकर, पण ते अ‍ॅक्रिलिक. त्याचा एक धागा चिमट्यात धरून काडी लावून बघ. सुताची राख होते. लोकर केसांसारखा वास सोडते आणि लवकर विझते. हा धागा पेटेल, वितळेल, त्याची गोळी होईल, आणि असली गोळी कातडीला चिकटली की सुटत नाही. आणि तू ती लेकराच्या कमरेला पट्ट्याने बांधणार! हातात जाड पंजे घातलेल्या पोराला घाईत बक्कल तरी सोडता येईल का गं? इतकं शिकलीस, हे तुझ्या ध्यानात येऊ नये?

1995 च्या डिसेंबरात हरियाणातल्या डबवालीला असंच एका शाळेचं संमेलन चालू होतं. मांडवाचं कापड सिंथेटिक. आग लागली आणि चारशेवर माणसं गेली, त्यात कितीतरी शाळकरी लेकरं. ती बातमी वाचल्यापासून गॅदरिंगच्या मांडवात मी आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवते. तू हसायचीस त्याला.

लंकादहन आम्हीही केलंय. 1987 ला दूरदर्शनवर रामायण लागलं आणि पुढची काही वर्षं ज्या त्या शाळेला मारुतीच हवा. गल्लीतल्या निम्म्या शेपट्या माझ्या हातच्या. विझवलेल्या दिव्यांत टॉर्चवर लाल जिलेटीन धरायचो, शेपटीच्या टोकाला केशरी-पिवळ्या सॅटिनच्या पट्ट्या, आणि विंगेतून एक जण पुठ्ठ्याने वारा घालायचा. पुढच्या रांगेतली बायामाणसं मागे सरकायची! तुमच्याकडे तर बॅटरीचे पंखे आहेत, एलईडीच्या माळा आहेत.

तेव्हा मला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात जायचं होतं. वेशभूषा शिकायची होती. अण्णा म्हणाले, शिवण काय घरी बसूनही होते. मी दुसरा शब्द काढला नाही. मग फॉल-पिको, ब्लाउज, लग्नसराई. अजूनही एकनाथ रंगमंदिरात बालनाट्याला गेले की सगळे वाघाला हसत असतात आणि मी त्याच्या शेपटीचा जोड शोधत असते. तू त्या विभागात नाव घातलंस त्या दिवशी मी कुणाला न सांगता देवापुढे साखर ठेवली होती. म्हणून जीव इतका खालीवर होतो. तुझ्या हातच्या कामाने कुणाचं लेकरू भाजलं, तर तू पुन्हा सुई हातात धरणार नाहीस. मी ओळखते तुला.

ताईने शेपटीचा फोटो पाठवला. सगळी लव टोकाकडे वळवलीस, शिवणीत अडकलेले केस सुईने उकरून काढलेस. जोड मलाही सापडला नाही. कापड मागच्या बाजूने ब्लेडनेच कापलंस ना? असं काम मला तुझ्या वयात जमत नव्हतं. पंज्यांचे तळवे तेवढे घसरणार नाहीत असे कर, शाळेचं स्टेज गुळगुळीत असतं.

जास्त बोलले असेन. शनिवारी शेपटी घेऊन ये. ज्वाळेच्या पट्ट्या मी कापून ठेवते, सॅटिन घरात आहे. जालन्याच्या बसमधून सेव्हन हिल्सला उतर, मी घ्यायला येते. जेवून निघू नकोस. डोळ्यांखाली काळं आलंय म्हणे. रात्री जागून शिवत जाऊ नकोस.

फोन मात्र आजच कर. कितीही उशीर झाला तरी कर, मी जागीच आहे.

तुझी,
मावशी