मन खाते तेव्हा

केलेल्या चुकीची बोच राहिली की आपण ‘माझे मन मला खाते’ असे म्हणतो. हे खाणे मर्यादेत असले तर ते विवेकाचे लक्षण होय. परंतु पुष्कळदा मन चुकीपाशी थांबत नाही. ‘हे माझे चुकले’ या वाक्याचे ‘मीच चुकीचा’ असे वाक्य केव्हा झाले, हे माणसाला कळतही नाही. या दुसऱ्या वाक्याला आपण येथे आत्मनिंदा म्हणू. श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला तिचा धोका अधिक असतो. आत्मनिंदेलाच तो पश्चात्ताप समजतो आणि ती जितकी तीव्र तितकी आपली भक्ती खरी, अशी स्वतःची समजूत करून घेतो.

या संदर्भात कृपाबाई सत्यनाथन यांचे चरित्र पाहण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १८६२ साली अहमदनगरला, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण दांपत्याच्या पोटी झाला. वडील लवकर वारले. ज्याने वाचनाची गोडी लावली तो थोरला भाऊ भास्करही अकाली गेला. वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याचा बेत प्रकृतीच्या कारणावरून सोडावा लागला. म्हणून १८७८ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तिरुवल्लिकेणीपासून जवळच, कूवम नदीच्या वळणात वसलेल्या चिंताद्रिपेटचे धर्मोपदेशक रेव्हरंड सत्यनाथन यांच्या घरी त्या राहत. पहिल्या वर्षी अभ्यासात त्या चमकल्या, आणि त्याच वर्षाच्या श्रमांनी त्यांची प्रकृती पार ढासळली. वैद्यकाचा अभ्यास कायमचा सुटला.

अशा वेळी मन काय काय बोलते, हे वाचकाला सांगायला नको. त्यातून पडदा पाळणाऱ्या स्त्रियांसाठी १८८५ साली मद्रासेत निराळे रुग्णालय निघाले. आज ते तिरुवल्लिकेणीत कस्तुरबा गांधी रुग्णालय या नावाने उभे आहे. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्या मेरी शार्लिब याच कॉलेजात शिकलेल्या. जे आपल्या हातून व्हावयाचे होते ते दुसऱ्या स्त्रीच्या हातून झाले, एवढे म्हणून स्वतःला कायमचे अपयशी ठरविणे कृपाबाईंना सहज शक्य होते. त्या पुण्यास बहिणीकडे गेल्या आणि त्यांनी विश्रांती घेतली. बरे वाटल्यावर पुन्हा मद्रासेस आल्या. १८८१ साली सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी विवाह झाल्यावर उटकमंड येथे त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा चालविली. पुढे ‘सगुणा’ ही आत्मचरित्रात्मक इंग्रजी कादंबरी लिहिली. ती १८८७-८८ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. एकुलते एक मूल तान्हेपणीच गेले, तेव्हा त्यांना पुन्हा खिन्नतेने घेरले. श्रद्धेने दुःख टळत नाही, हे येथे स्पष्टच म्हटले पाहिजे.

मग श्रद्धा काय करते? राजांच्या पहिल्या पुस्तकात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. ईजबेल राणीच्या भयाने तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आपण आपल्या पूर्वजांहून काही बरे नाही, असे स्वतःविषयी म्हणतो. त्यावर देवदूत त्याला उपदेश करीत नाही. तो त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो. कार्याची गोष्ट त्यानंतर निघते. योहानाच्या शुभवर्तमानात पेत्राच्या बाबतीतही हाच क्रम आहे. तीन वेळा गुरूला नाकारलेल्या या शिष्यापुढे समुद्रकाठी प्रथम भाकर आणि मासे येतात. न्याहारी आटोपल्यावर तीन वेळा प्रेमाविषयी प्रश्न विचारला जातो आणि मग काम सोपविले जाते. अपराध नाकारलेला नाही. अपराध्याला मात्र हाकलून दिलेले नाही. पश्चात्ताप आणि आत्मनिंदा यांतील भेद येथे दिसतो: पहिल्यात परतण्याची वाट असते, दुसरीत ती नसते.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आपल्याला पाठ असते. परंतु ज्या शब्दांत आपण स्वतःला बोलतो, त्या शब्दांत शेजाऱ्याला बोललो तर तो आपला उंबरा पुन्हा चढणार नाही. (मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. ‘मनाच्या श्लोकां’त समर्थ रामदास मनाला पुष्कळ सुनावतात, पण पहिली हाक ‘सज्जन’ अशीच मारतात.)

अभ्यासासाठी वाचकाने असे करावे. मनात वारंवार उठणारे एक निंदेचे वाक्य जसेच्या तसे कागदावर उतरवावे. त्यात घडलेली गोष्ट कोणती आणि आपण स्वतःवर मारलेला शिक्का कोणता, हे वेगळे करावे. घडलेल्या गोष्टीत दुरुस्ती, क्षमायाचना किंवा भरपाई शक्य असेल तर ती करावी. शिक्क्याच्या जागी, हीच चूक जिवलग मित्राकडून झाली असती तर त्याला आपण काय सांगितले असते, ते लिहावे व प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचावे. थकलेल्या किंवा उपाशी अवस्थेत हा अभ्यास करू नये. आधी जेवावे, झोपावे. आणि झोप, भूक, कामातील लक्ष ही सारी दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवली असतील, किंवा जीव नकोसा झाला असेल, तर प्रार्थना चालू ठेवूनही विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.