एकच सा, तीन रंग

पेटीवर सा, ग, प हे स्वर एकदम वाजवा. त्यांच्या कंपनसंख्या जवळजवळ ४ : ५ : ६ या सोप्या प्रमाणात असतात आणि तो मेळ कानाला गोड लागतो. अशा मेळाला पाश्चात्त्य संगीतात ‘कॉर्ड’ म्हणतात.

१९९० साली ‘बँड-इन-अ-बॉक्स’ ही संगणकाची आज्ञावली निघाली. कॉर्डची नावे क्रमाने लिहून शैली निवडली, की ती पियानो, बास व ड्रमची साथ आपण होऊन रचते.

आता हा प्रयोग करा. पांढरी एक हा सा धरा. ‘सी’, ‘एफ’, ‘ए मायनर’ असा क्रम द्या आणि लय संथ ठेवा. या कॉर्ड म्हणजे सा-ग-प, म-ध-सा आणि ध-सा-ग. साथ चालू असताना फक्त सा गात राहा. त्याची कंपनसंख्या तीच. तरी प्रत्येक वेळी तो निराळा भासतो, कारण त्याचे सोबती बदलतात.

शेवटी ‘जी’, म्हणजे प-नी-रे, जोडा. तिच्यात सा नाही. मग काय ऐकू येईल? उत्तर आधी वहीत लिहा, नंतरच ऐका. संगणक नसेल, तर मित्राला पेटीवर बसवा. साथ कोणीही करील. पडताळा मात्र तुमच्याच कानांनी घ्यायचा!