रंगांच्या सांध्यांतील पांढरी रेघ

गेल्या वर्षाच्या वार्षिकाचें मुखपृष्ठ आमच्या वाचकांस आठवत असेल. निळ्या आकाशावर पिवळी घंटा आणि तिच्याखालीं पिवळ्याच अक्षरांत शाळेचें नांव, अशी ती योजना होती. नववींतील एका विद्यार्थ्यानें ती मोठ्या कष्टानें तयार केली होती. परंतु अंक छापून आले, तेव्हां घंटेच्या डाव्या कांठास कोऱ्या कागदाची एक बारीक पांढरी रेघ दिसूं लागली, आणि उजव्या कांठास हिरवट छटा उमटली. अक्षरांचीही तीच दशा झाली. वर्गांत कोणी म्हणालें, चित्र काढणाऱ्यास कांठ साधला नाहीं. कोणीं छापखान्यास नांवें ठेविलीं. पालकांच्या सभेच्या दिवशीं त्या विद्यार्थ्याचे वडील आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, आमच्या मुलाचा हात हालला काय?"

त्या प्रश्नाचें नीट उत्तर त्या वेळीं आम्हांस देतां आलें नाहीं. पुढें आम्हीं छापखान्यांत जाऊन चौकशी केली, कारागिरांस प्रश्न विचारले, व या विषयावर कांहीं वाचलेंही. त्याचें फलित येथें मांडीत आहों. चित्रकलेची आवड असलेल्या विद्यार्थ्यांस तें उपयोगी पडेल, आणि त्या सद्‌गृहस्थांस आमचें राहिलेलें उत्तरही पोंचेल.

प्रथम रंगीत चित्र छापतात कसें तें पाहूं. आपल्या डोळ्यांस एकसंध दिसणारें पान छापखान्यांत एका ठशानें उमटत नाहीं. बहुधा चार शाया वापरितात: निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी. कारागीर त्यांस सायन, मॅजेंटा, यलो व ब्लॅक म्हणतात. प्रत्येक शाईची प्लेट निराळी असते, आणि एकच कागद एकामागून एक चारही प्लेटांचे ठसे घेत पुढें जातो. पिवळी व निळसर शाई एकमेकींवर पडली म्हणजे हिरवा रंग होतो. म्हणून पिवळी घंटा पिवळीच राहावी यासाठीं निळ्या प्लेटेंत घंटेच्या आकाराची जागा मोकळी सोडावी लागते. या मोकळ्या जागेस नॉकआउट म्हणतात. पिवळी घंटा त्या जागेंत नेमकी बसली म्हणजे रजिस्टर बरोबर लागलें. ती केसभर जरी सरकली तरी एका बाजूस कोरा कागद उघडा पडतो, आणि दुसऱ्या बाजूस दोन शाया एकमेकींवर चढतात. आमच्या मुखपृष्ठावर नेमकें हेंच झालें.

ठसा सरकतो कां? कागद हा दगडासारखा स्थिर पदार्थ नव्हे. तो हवेंतील ओलावा घेतो व सोडतो. ऑफसेट यंत्रावर शाईबरोबर पाणीही वापरावें लागतें. त्या पाण्यानें कागद किंचित् फुगतो, व त्याच्या तंतूंच्या आडव्या दिशेनें अधिक वाढतो. त्यांतच यंत्राचे चिमटे कागद ओढतात, आणि प्लेट बसवितांनाही अत्यल्प फरक राहूं शकतो. कारागीर कितीही दक्ष असला आणि यंत्र कितीही उत्तम असलें, तरी ही चूक कमी करितां येते, अगदीं नाहींशी करितां येत नाहीं. म्हणून उपाय चित्र तयार करतांनाच योजून ठेवावा लागतो.

हें पटण्यासाठीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. निळ्या कागदांत रुपयाएवढें वर्तुळ कापावें. पिवळ्या कागदाची तेवढीच चकती कापून ती पांढऱ्या कागदावर ठेवावी, व निळा कागद असा ठेवावा कीं भोंकांत चकती बरोबर बसेल. आतां निळा कागद किंचित् ढकलावा. लगेच पांढरी चंद्रकोर दिसूं लागेल. मग दुसरी पिवळी चकती भोंकापेक्षां चोहोंकडून एक मिलिमीटर मोठी कापावी, व ती निळ्या कागदाखालीं ठेवावी. आतां निळा कागद अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे सरकला तरी पांढरा कागद दिसत नाहीं. मुद्रणांतील सगळा उपाय या दुसऱ्या चकतींत आहे. दोन रंगांच्या सांध्यावर एक रंग दुसऱ्याखालीं थोडासा सरकवून ठेवावयाचा. यास ट्रॅपिंग म्हणतात.

ही अडचण नवी नाहीं. जर्मनींतील माइंझ शहरीं योहान फुस्ट व पेटर शेफर यांनीं १४ ऑगस्ट १४५७ रोजीं स्तोत्रसंहितेचा एक ग्रंथ छापून पुरा केला. त्यांतील मोठीं आद्याक्षरें तांबड्या व निळ्या अशा दोन रंगांत आहेत. ठशाचे धातूचे भाग सुटे करून, त्यांस निरनिराळी शाई लावून, ते पुन्हां एकांत एक बसवून एकाच दाबानें ते छापले असावेत, असें अभ्यासकांचें मत आहे. दोन्ही रंग एकाच वेळीं कागदावर पडल्यावर सरकण्यास अवसरच उरत नाहीं. परंतु अशी रीत फार मंद व कष्टाची पडते. पुढें बव्हेरियांतील आलोइस झेनेफेल्डर यानें १७९६ च्या सुमारास शिळामुद्रणाचा शोध लाविला, व त्यांतून प्रत्येक रंगासाठीं वेगळी शिळा वापरून चित्रें छापण्याची कला वाढली. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेला व नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथें गेलेला छापखाना याच कलेचा होता. एका चित्रासाठीं अनेक शिळा, आणि प्रत्येक शिळेस तोच कागद पुन्हां नेमका लावावयाचा, हें काम किती जोखमीचें असेल याची कल्पना आतां वाचकांस येईल.

आतां नियम सांगतों. पहिला नियम असा कीं, फिक्या रंगानें गडद रंगाखालीं जावें. गडद रंगानें आपली जागा सोडूं नये. कारण आपला डोळा आकृति ओळखतो ती गडद रंगाच्या कांठावरून. पिवळें अक्षर निळ्या भूमीवर असेल तर पिवळें अक्षर बाहेरच्या बाजूस किंचित् वाढवावें. उलट निळें अक्षर पिवळ्या भूमीवर असेल तर अक्षरास हात लावूं नये; पिवळी भूमीच अक्षराच्या कांठाखालीं आंत ओढून घ्यावी. निळें अक्षर फुगविलें तर तें ठळक होऊन बेडौल दिसेल.

दुसरा नियम मापाचा. छापखान्यांतील एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. गुळगुळीत कागदावर चांगल्या यंत्रानें छापावयाचें असेल तर पाव पॉइंट, म्हणजे सुमारें ०.०९ मिलिमीटर, एवढी वाढ सामान्यतः पुरते. ही जवळजवळ केसाची जाडी झाली. वर्तमानपत्री कागदावर ती अधिक ठेवावी लागते, आणि जाळीच्या चौकटीनें कापडावर छापतांना त्याहूनही अधिक. परंतु गरजेपेक्षां जास्त वाढ केल्यास सांध्यावर तिसऱ्याच रंगाची रेघ उमटते, आणि उपायच अपाय होऊन बसतो.

तिसरा नियम काळ्या रंगाचा. बारीक काळीं अक्षरें रंगीत भूमीवर असतील तर त्यांच्याखालीं जागा मोकळी सोडूं नये. तीं भूमीवर थेट छापावीं. यास ओव्हरप्रिंट म्हणतात. पांढऱ्या अक्षरांस मात्र चुकूनही ओव्हरप्रिंट लावूं नये. पांढरी शाई तेथें नसतेच, कोरा कागद हाच पांढरा रंग. त्यामुळें अशीं अक्षरें छापतांना साफ नाहींशीं होतात.

चौथी गोष्ट अशी कीं, कित्येक ठिकाणीं ट्रॅपिंगची गरजच पडत नाहीं. तांबडा रंग किरमिजी व पिवळ्या शाईचा, आणि नारिंगी रंगही त्याच दोन शायांचा. हे दोन रंग शेजारीं असतां एक ठसा सरकला तरी सांध्यांत दुसरी शाई असतेच. पांढरा कागद उघडा पडत नाहीं. म्हणून शेजारच्या रंगांत एखादी शाई समाईक ठेवणें हा उत्तम उपाय होय. आणखी एक उपाय आपल्या घरच्या अंगणांत आहे. रांगोळी भरतांना दोन रंगांचा सांधा वेडावांकडा झाला तर वरून एक ठसठशीत रेघ ओढितात, आणि सगळें झांकून जातें. चित्रांतही दोन रंगांमध्यें काळी बाह्यरेषा ओढल्यास तेंच साधतें. बारीक अक्षरें मात्र चार शायांच्या मिश्रणांत कधींही घेऊं नयेत. शक्य तर एकाच शाईंत घ्यावींत, म्हणजे तीं धूसर होणार नाहींत.

शेवटची सूचना अशी. चित्र देण्यापूर्वीं छापखान्यांत विचारावें, "ट्रॅपिंग आपण करणार कीं आम्हीं करावयाचें?" आज पुष्कळ छापखान्यांत हें काम संगणक आपोआप करितो, तेथें आपणही तें केलें तर दोनदां होईल. आमच्या मुखपृष्ठाच्या वेळीं आम्हीं हा एक प्रश्न विचारला नाहीं. शिवाय आम्हीं जें प्रूफ पाहून सही केली, तें लहान यंत्रावर काढलेलें होतें. त्या यंत्रांत सर्व शाया एकाच फेरींत कागदावर पडतात. त्यामुळें तेथें सांधा सुटलेला दिसणें शक्यच नव्हतें. निर्दोष प्रूफ पाहून आम्हीं निश्चिंत झालों.

तेव्हां त्या वडिलांस आमचें उत्तर असें: आपल्या मुलाचा हात हालला नाहीं. कागद हालला, जसा तो नेहमींच हालतो. आणि कागद हालणार हें आधीं जाणून तजवीज करणें हें शिक्षकाचें काम होतें, तें आमच्याकडून राहिलें. वर्गांत त्या विद्यार्थ्यास जे बोल लागले, त्यांचा वांटा आम्हीं आमच्याकडे घेतों.

यंदाच्या मुखपृष्ठासाठीं त्याच विद्यार्थ्यानें पुन्हां चित्र दिलें आहे. या वेळीं त्यानें पिवळा रंग निळ्याखालीं पाव पॉइंट सरकविला आहे, आणि छापखान्यांत तो आमच्याबरोबर स्वतः आला होता. वाचकांनीं अंक उजेडांत धरून घंटेचा कांठ अवश्य पाहावा.