घरातलं ऑफिस सुरू कधी होतं?

प्रश्न : करोनाआधी मी रोज पालघरहून लोकलने मुंबईला नोकरीसाठी जायचो. आता काम घरूनच असतं. प्रवासाचे तास वाचले, तरी संध्याकाळी काम उरलेलंच. टेबलाशी बसलो की मन दहा ठिकाणी धावतं. सगळे सांगतात, ‘रुटीन लावून घ्या’. दिनक्रमाचा आणि लक्ष लागण्याचा खरंच काही संबंध आहे का?
– एक वाचक, कोळगाव (पालघर)

उत्तर : आहे, आणि तुम्ही तो वर्षानुवर्षं अनुभवला आहे. गाडी चुकू नये म्हणून उठणं, आंघोळ, स्टेशन गाठणं, नेहमीचा डबा पकडणं. या साखळीत ‘आता काय करू?’ असा प्रश्न पडायला जागाच नव्हती. ऑफिसात पोचेपर्यंत मन आपोआप कामाकडे वळलेलं असे. घरी मात्र प्रत्येक पाऊल ठरवावं लागतं, आणि ठरवता ठरवता हात मोबाइलकडे जातो.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली ‘अमुक झालं की तमुक करायचं’ या दुव्यावर लिहिलं. ‘सकाळी लवकर कामाला लागेन’ हा नुसता निश्चय. ‘चहाचा कप विसळून ठेवला की टेबलाशी बसून कालची फाइल उघडेन’ असं ठरवलं, तर ते पार पडण्याची शक्यता वाढते, कारण कप विसळणं हीच कामाची खूण होते. अडचणींचंही आधीच ठरवता येतं : पावसात वीज गेली, तर फोनवरची कामं उरकेन.

माझ्या मते मात्र घड्याळाहून जागा महत्त्वाची. आपल्या जिल्ह्यात घरून काम ही नवी गोष्ट नाही. चिंचणी, वरोर भागातले डायमेकर कितीतरी वर्षं घरच्या घरी पोलादी ठोकळ्यांवर दागिन्यांची नक्षी कोरत आले आहेत. छिन्नीचा एक घाव चुकला की नक्षी बिघडते, म्हणजे अर्धवट लक्ष तिथे चालतच नाही. जमलं तर एखाद्या डायमेकरच्या घरी जाऊन त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. तुमचीही कामाची जागा एकच ठेवा, खोलीचा कोपरा का असेना. तिथे जेवण नको, मालिका नकोत. तुम्ही तिथे बसलात म्हणजे कामावर आहात, हे घरच्यांना एकदा स्पष्ट सांगा.

अर्धवट काम टाकून दुसरं धरलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो, असं सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. म्हणून जेवायला उठताना कागदावर एक ओळ लिहा : कुठवर आलो, पुढे काय करायचं. दिवस संपवतानाही तेच. परतीची लोकल आता नाही, तेव्हा लॅपटॉप मिटून अर्धा तास चालून या. संध्याकाळची ती खूण गेल्यामुळेच काम रात्रीपर्यंत लांबतं.

हे अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, असंही मनात येईल. सवय २१ दिवसांत लागते, हा हिशेब सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाने सवय लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असं दिसलं. मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही.