अफूवर्गीय वेदनाशामके आणि रक्तदाबाचा रोगी

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने औषधांवर लेख लिहावा, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण घरात इंग्रजी अक्षरे वाचणारी मी पहिलीच. त्यामुळे औषधाच्या पाकिटावर काय छापले आहे ते वाचून सांगण्याचे काम शाळेत असल्यापासून माझ्याकडेच आहे. आईला सहा वर्षांपासून उच्च रक्तदाबाचा विकार आहे. खुरपणी आणि भारे वाहणे यांमुळे तिची कंबरही सतत दुखते. तिच्यासाठी दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या मीच आणून देत असे.

मागच्या वर्षी रक्तदाबाचे औषध नियमित घेऊनही तिचा दाब उतरेना. डॉक्टरांनी विचारले, "दुसरे काही औषध चालू आहे का?" आई म्हणाली, "नाही." तिने खोटे सांगितले नव्हते. दुखण्यावरची गोळी हे आमच्या घरी औषध समजलेच जात नव्हते. मी पिशवीतून ते पाकीट काढून दाखवले, तेव्हा उलगडा झाला. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि पुढे एकदा कळ असह्य झाली तेव्हा चार दिवसांपुरते ट्रामाडॉल दिले. कळ थांबली, दाबही चढला नाही. पण दुसऱ्या रात्री उठताना तिला घेरी आली आणि ती मोरीच्या उंबऱ्यापाशी पडली. सुदैवाने मार थोडक्यावर निभावला. मात्र माझ्या मनात एक प्रश्न कायम राहिला. जे औषध रक्तदाब वाढवीत नाही, ते हृदयाला आणि रक्ताभिसरणाला निर्धोक म्हणावे काय? प्रस्तुत लेख म्हणजे या प्रश्नाचा, मला झेपला तेवढा, अभ्यास होय.

नेहमीच्या गोळ्यांचे काय?

प्रथम दुकानात सहज मिळणाऱ्या गोळ्यांचा विचार करू. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही त्यांतील परिचित नावे. ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ही द्रव्ये सूज आणि वेदना वाढवतात हे खरे. परंतु मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवण्याचे आणि मीठ बाहेर टाकण्याचे कामही तीच करतात. ती कमी झाली की मीठ व पाणी शरीरात साठते आणि दाब चढतो. शिवाय रक्तदाबावरील कित्येक औषधांचा, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा, गुण उणावतो. आईच्या बाबतीत हेच घडत होते. एका हाताने दाब उतरवायचा आणि दुसऱ्या हाताने तो चढवायचा!

पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य समजले जाते. तथापि एडिंबरा येथील संशोधकांनी २०२२ साली उच्च रक्तदाबाच्या ११० रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे पूर्ण मात्रेत, दोन आठवडे पॅरासिटामॉल दिल्यावर वरचा दाब सरासरी सुमारे ५ मिलिमीटरने वाढलेला आढळला. कधीमधी घेतलेल्या एखाद्या गोळीला हा निष्कर्ष लागू करता येणार नाही. पण रोज घेणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा.

अफूचे कुळ

आता अफूवर्गीय औषधांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्याने अफूतून एक द्रव्य वेगळे काढले आणि स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फिअस याच्या नावावरून त्याला नाव दिले. तेच आजचे मॉर्फीन. कोडीन हेही अफूतलेच. ट्रामाडॉल, पेन्टाझोसिन, फेंटानिल, मेथाडोन ही प्रयोगशाळेत बनलेली त्यांची भावंडे. मज्जासंस्थेतील ज्या ठिकाणी ही औषधे जाऊन बसतात त्या ग्राहींचा पुरावा १९७३ मध्ये मिळाला. ती दुखण्याचे मूळ नाहीसे करीत नाहीत. दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचण्यात अडथळा आणतात.

रक्तदाबाच्या दृष्टीने यांचा वर्ग बहुतांशी वेगळा आहे. ती मूत्रपिंडात मीठ अडवून ठेवीत नाहीत. तीव्र वेदनेनेच दाब चढलेला असेल, तर वेदना शमल्यावर तो उतरतोही. मॉर्फीनमुळे शरीरातील हिस्टामीन मोकळे होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. अर्थात अपवाद आहेत. पेन्टाझोसिन रक्तदाब आणि हृदयावरील भार वाढवते. म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात ते टाळले जाते. ट्रामाडॉल नैराश्यावरील काही औषधांबरोबर घेतल्यास गंभीर बिघाड होऊन दाब एकाएकी वाढू शकतो. पण एकंदरीत पाहता यंत्रातील पारा चढत नाही, आणि येथेच फसगत होते.

एका कॅप्सूलची कथा

याचे बोलके उदाहरण म्हणजे डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन. १९५७ साली अमेरिकेत बाजारात आलेले हे औषध पुढे जगभर, आणि आपल्याकडेही, घरोघर पोचले. अंगदुखी, कंबरदुखी, पोटातली कळ, सर्वांवर ते दिले जाई. त्याने दाब वाढत नसे. परंतु हृदयाचे ठोके ज्या विजेच्या लहरींवर चालतात, त्या लहरींचा मार्ग ते मंदावत होते. मात्रा थोडी जास्त झाली तरी हृदयाचा ताल बिघडून मृत्यू ओढवे. ब्रिटनने २००५ साली ते टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेतही ते बाजारातून गेले. कारण निरोगी माणसांना नेहमीच्या मात्रेत दिले असतानाही त्यांच्या हृदयाच्या आलेखात बदल दिसून आले होते. भारत सरकारने मे २०१३ मध्ये त्यावर बंदी घातली.

म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ लोक ते घेत होते. रक्तदाब मोजणाऱ्याला त्यात काही वावगे दिसले नसते, कारण दोष दाबात नव्हता. तो तालात होता. दाबाचा आकडा हे हृदयाचे एक माप आहे, सगळे हृदय नव्हे.

रक्तदाबाच्या रोग्याला अधिक धोका कोठे?

माझ्या वाचनातून पाच गोष्टी ठळकपणे पुढे आल्या.

पहिली, दाब एकदम उतरणे. रक्तदाबाची गोळी दाब उतरवीतच असते. त्यात अफूवर्गीय औषधाने वाहिन्या सैल पडल्या आणि गुंगी आली, की निजलेला माणूस झटकन उठताच त्याला घेरी येते. आई पडली ती बहुधा यानेच. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत अशा पडण्याने मांडीचे हाड मोडते.

दुसरी, पोटॅशियमची. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तातील पोटॅशियम घटते. ते घटले की ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला अधिक वेळ लागतो. मेथाडोनही हाच वेळ वाढवते. दोन्ही एकत्र आल्यास ताल बिघडण्याचा धोका वाढतो.

तिसरी, मूत्रपिंडाची. अनेक वर्षांच्या उच्च रक्तदाबाने मूत्रपिंडे थकतात. मॉर्फीनचे रूपांतर होऊन बनलेली द्रव्ये मूत्रपिंडातूनच बाहेर जायची असतात. ती साठत गेली तर नेहमीची मात्राही अतिमात्रा ठरते.

चौथी, झोपेतल्या श्वासाची. या कुळातील सर्व औषधे कमीअधिक प्रमाणात श्वास मंद करतात. मद्य किंवा झोपेची गोळी सोबत असेल तर फारच. रक्तदाबाच्या पुष्कळ रोग्यांना घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडण्याचा विकार आधीच असतो. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कर्करोगाखेरीज अन्य जुनाट दुखण्यासाठी दीर्घ परिणामाची अफूवर्गीय औषधे घेणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी झालेले मृत्यू, त्याच दुखण्यावर दुसरी औषधे घेणाऱ्यांच्या दीडपटीहून अधिक आढळले. झोपेतील श्वासाचा अडथळा हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.

पाचवी, औषध एकाएकी बंद करणे. शरीराला सवय झाल्यावर ते अचानक तोडले, तर दबून राहिलेली उत्तेजना उसळते. घाम, कापरे, छातीत धडधड, आणि रक्तदाब झपाट्याने वर. क्लोनिडीन हे मूळचे रक्तदाबाचे औषध अफूची सवय सोडवताना होणाऱ्या त्रासावर उपयोगी पडते, हे १९७८ साली दिसून आले. दोहोंचे नाते यावरून सहज कळावे.

भीतीचेही मोल

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग ही औषधे नकोतच! तेही चुकीचे आहे. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तरीही कर्करोगाचे असंख्य रोगी मॉर्फीनवाचून तळमळत राहिले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक परवान्यांमुळे रुग्णालये ते ठेवायलाच कचरत. १९९३ पासून केरळात कोझिकोडे येथे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीची चळवळ उभी केली. पुढे २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी सुकर झाली. मरणाच्या दारातील माणसाला केवळ 'बीपी आहे' म्हणून मॉर्फीन नाकारणे ही दया नव्हे. योग्य औषध, मोजकी मात्रा आणि देखरेख असेल, तर रक्तदाबाच्या रोग्यालाही ते देता येते.

दुसरीकडे ट्रामाडॉलसारखी औषधे चिठ्ठीवाचून हाती पडू नयेत, म्हणून २०१४ पासून दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आले. ही बंधने जाचक वाटली तरी वर सांगितलेले पाच धोके आठवावेत.

समारोप

वाचकमित्रहो, मी डॉक्टर नाही आणि कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाकीट वाचणारे आपणच आहोत. म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. दुखण्यावरची गोळी हेही औषध आहे. डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, ती दाखवावी. रक्तदाबाची, झोपेची, मनाच्या आजाराची, सगळी औषधे एकत्र पुढे ठेवावीत. घोरणे, मूत्रपिंडाचा त्रास, मद्य यांविषयी संकोच करू नये. नवे औषध सुरू झाल्यावर पहिले काही दिवस रात्री उठताना आधी बसावे, मग उभे राहावे. आणि बरेच दिवस घेतलेले औषध आपल्या मनाने तोडू नये.

आईच्या उशाशी आता एक चाळीस पानी वही असते. तीत मी प्रत्येक गोळीचे नाव मराठीत लिहिते, आणि समोर ती कशासाठी ते. आईला अक्षरओळख बेताचीच आहे, पण मागच्या खेपेस डॉक्टरांनी "दुसरे काही चालू आहे का?" असे विचारताच तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिने पिशवीतून वही काढली आणि स्वतःच त्यांच्यापुढे ठेवली.